गाडी वेळेवर पोचली

अवी, परवा तुझी शोकसभा झाली. आपल्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि तुला 'मृदुभाषी' म्हणाले. कंट्रोल रूममधली प्रणाली माझ्या शेजारी बसली होती. तिनं तोंडाला ओढणी लावली आणि तिचे खांदे हलायला लागले. मागच्या बाईंना वाटलं ती रडतेय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मृदुभाषी! याच अध्यक्षांना तू भर बैठकीत विचारलं होतंस, "साहेब, तुम्हाला कळलं नाही, की कळूनही वळलं नाही? दोन्हीवरचं औषध वेगळं असतं." तेव्हा त्यांचा चहाचा कप तसाच हवेत राहिला होता. परवा मात्र त्यांचा आवाज दाटून आला. खोटा नव्हता, हेही सांगते. माणूस गेला की त्याचे दात कोणाला आठवत नाहीत.

तुझी बायको स्नेहल पहिल्या रांगेत ताठ बसली होती. तुझा भाऊ हेमंत त्याच रांगेत, पण पार दुसऱ्या टोकाला. मधल्या खुर्च्यांवर कोणी बसलं नाही. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. मला जे बोलायचंय ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायला हवं, आणि तू माझ्याशी बोलायचास तसंच. मला लागेल म्हणून तू कधी मऊ हातानं भांडला नाहीस. मीही भांडणार नाही.

आपली गाठ पडली ती नालासोपाऱ्याच्या तुळिंजमधल्या त्या ऑफिसात, खाली फरसाणचं दुकान आणि वर ट्रस्टची रुग्णवाहिका सेवा. मी कंट्रोल रूम सांभाळत होते. तू अंधेरीची नकाशांची नोकरी सोडून आला होतास आणि ट्रस्टनं तुला 'कॉम्प्युटरचं बघा' एवढंच सांगितलं होतं. तू आलास त्याच आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत दुखतंय, साईकृपा चाळ, तुळिंज. आपण पैसे भरून एका कंपनीचा नकाशा वापरायचो. त्यात 'साईकृपा' टाकलं, पहिलं जे आलं तिथं गाडी पाठवली. ती निघाली साईकृपा अपार्टमेंट, भलत्याच टोकाला. गाडी शेवटी चाळीत पोचली तेव्हा बाईंनी नवऱ्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती. ड्रायव्हरला त्या एवढंच म्हणाल्या, "आता कशाला आलात?"

आपण त्या कंपनीला चूक कळवली. उत्तर आलं, आपली सूचना मिळाली, धन्यवाद. पुन्हा कळवली. पुन्हा धन्यवाद. चाळ काही नकाशावर आली नाही. मग तू त्यांचा करार मागून घेतलास आणि वाचलास. ट्रस्टमध्ये तो त्याआधी कोणी वाचलेला नव्हता. त्यात लिहिलं होतं की आपण शोधलेला पत्ता आपल्या यंत्रात साठवून ठेवायचा नाही. दर वेळी त्यांनाच विचारायचा.

"भाड्याचं घर आहे हे," तू म्हणालास. "खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. आणि मालक अमेरिकेत."

पर्याय तू लगेच मांडलास. जगभरातले लोक मिळून काढतात तो खुला नकाशा, जो कोणीही दुरुस्त करू शकतं. त्याच्याखाली एक खुला डेटाबेस, ज्याला 'या ठिकाणाजवळ काय आहे' असं विचारता येतं. आणि सगळी माहिती अशा प्रमाण स्वरूपात, जी कुठलंही यंत्र वाचू शकेल. अग्निशमनवाल्यांनी मागितली तर उद्या त्यांनाही देता येईल. अध्यक्षांना 'खुलं' म्हणजे 'फुकट' एवढंच समजलं, आणि फुकट म्हटल्यावर त्यांना संशय आला. म्हणून त्यांनी ठाण्याच्या एका कंपनीच्या माणसालाही बोलावलं. तयार वस्तू बघू, म्हणाले.

तो माणूस मी विसरलेले नाही. पन्नाशीचा, इन केलेला शर्ट, लॅपटॉपच्या पिशवीचा बंद तुटलेला म्हणून ती छातीशी धरलेली. त्यानं पडद्यावर रंगीत नकाशा लावला आणि तू खुर्ची पुढे ओढलीस.

"चंदनसार. टाकीमागची गल्ली. शोधा."

"सर, पूर्ण पत्ता दिलात तर..."

"ज्याचा बाप जमिनीवर पडलाय तो तुम्हाला पिनकोड सांगणार का?"

तो हसला. हसायला नको होतं. तू एकेक प्रश्न काढत गेलास. आमची माहिती उद्या आम्हाला परत हवी असेल तर कुठल्या स्वरूपात मिळेल? "सर, आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी." चूक दुरुस्त कोण करणार? "सर, आमची टीम." तुमची कंपनी बंद पडली तर?

"सर, आमची कंपनी बंद पडणार नाही."

"आधीच्या कंपनीतही असंच म्हणायचात का?"

त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्याची आधीची कंपनी खरोखरच बंद पडली होती, हे त्यानं मला नंतर सांगितलं. या वयात ही नोकरी त्याला मुश्किलीनं मिळाली होती. तुला हे काहीच माहीत नव्हतं. तू नेम न धरता मारलंस आणि वर्मी लागलं.

मी त्याला खाली सोडायला गेले. जिन्यात थांबून तो म्हणाला, "मॅडम, साहेबांचे मुद्दे बरोबर आहेत. पण असं बोलायला नको होतं."

मी वर येऊन तुला तेच सांगितलं. तू म्हणालास, "मग खोटं कशाला विकतो?"

"तो विकतो कारण त्याला घर चालवायचंय."

"आणि त्या चाळीतल्या बाईचं घर?"

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझं खुलं साधन मला नको होतं असं नाही. माझा प्रश्न वेगळा होता. विकत घेतलेल्या वस्तूला निदान फोन उचलणारा माणूस असतो. तुझ्या व्यवस्थेत तो माणूस म्हणजे तू. एकटा तू, तिरसट, रजा न घेणारा, कोणाला शिकवायचा कंटाळा असलेला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "तू उद्या मेलास तर हे कोण बघणार?"

तू पापणीही न हलवता म्हणालास, "म्हणून तर प्रमाण स्वरूपात ठेवतोय. मी मेलो तरी दुसऱ्याला वाचता यावं. प्रमाण कशाला असतं, वैशाली? माणूस सांगायला हजर नसतो तेव्हासाठीच असतं."

पुढं जे झालं त्यानंतर लोक मला विचारतात, तू असं बोललीस याचं वाईट वाटतं का. नाही वाटत. प्रश्न रास्त होता. उत्तरही रास्त होतं. ते उत्तर तू स्वतःला लावून घेतलं नाहीस, याचा मात्र मला अजून राग आहे. त्याकडे येतेच.

ट्रस्टनं शेवटी तुझंच ऐकलं. तू जिंकलास, आणि मग मलाही कामाला जुंपलंस. तुझ्या स्कूटरवर मागे बसून मी या गावाच्या ज्या गल्ल्या बघितल्या त्या इथं इतकी वर्षं राहूनही बघितल्या नव्हत्या. तुझा नियम एकच. पाटीवरचं नाव दुसरं, लोक जे म्हणतात ते पहिलं. जळलेल्या पिंपळाजवळ, जुन्या राइस मिलमागे, डॉक्टरीणबाईंची गल्ली. डॉक्टरीणबाई कधीच वारल्या असतील, पण गल्ली त्यांचीच. चंदनसारला एक बाई हातात झारा घेऊन दारात उभी राहिली होती, आठवतं? आपल्या हातातला फोन, खुणा करणं बघून तिला वाटलं, पालिकेची माणसं आली.

"पाडायला आलात का?"

"पाडणाऱ्यांना तुमचं घर बरोबर सापडतं, ताई," तू म्हणालास. "रुग्णवाहिकेलाच सापडत नाही. म्हणून आलो."

तिनं झारा खाली केला आणि सगळ्या गल्लीची नावं सांगितली. तुझ्या जिभेनं एकदा तरी दार उघडलं, याची मी नोंद घेते.

आणि तो दिवस, ज्या दिवशी मी वसईजवळचं तुझं होळी गाव बर्फात नेऊन ठेवलं! तू निवडलेल्या प्रमाणात आधी रेखांश लिहायचा आणि मग अक्षांश. शाळेत शिकवतात त्याच्या उलट. मी शाळेतल्या सवयीनं लिहिले. पडद्यावर तुझं सगळं गाव, वाड्या, विहिरी, पानवेली, नॉर्वेच्याही वर समुद्रात तरंगायला लागलं. तू हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतास. घरी जाऊन आईंनाही सांगितलंस. त्यानंतर मी कधीही घरी आले की आई विचारायच्या, "काय गो बाय, थंडी लागली का आमच्या गावात?" मी तुला म्हटलं होतं, उलटा क्रम ठेवणारं प्रमाणच मूर्ख आहे. तू म्हणालास, "मूर्ख असेल, पण सगळ्यांचं एकच आहे. तेवढं पुरतं." या वाक्यावर मी अजून तुझ्याशी सहमत नाही. तरी रोज तेच वापरते.

मग तुझी जीभ जड झाली.

पहिल्यांदा प्रणालीच्या लक्षात आलं. फोनवर तू 'नालासोपारा' म्हणताना अडखळलास. नंतर रोजच. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की तू पिऊन येतोस. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सकाळीच घेतात का हो?" ज्यांना ज्यांना तू शब्दांनी सोललं होतंस, ते सगळे आता तुझं बोबडं बोलणं कान देऊन ऐकत होते. एकानं तर तुझी नक्कल केली. सगळे हसले. तू दारात उभा होतास. उलट काहीतरी झणझणीत बोलायला तू तोंड उघडलंस आणि तो शब्द तुला धड उच्चारता आला नाही. मी तुला त्याआधी कधी गप्प राहून परत फिरताना पाहिलं नव्हतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी जीभ, मग हात, मग पाय, शेवटी श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत. तू मला हे व्हॉट्सॲपवर टाईप करून कळवलंस, कारण बोटं तेव्हा चालत होती. खाली लिहिलंस, 'डोकं शाबूत राहणार. म्हणजे तुझी सुटका नाही.'

नक्कल करणाऱ्याला कळलं तेव्हा तो तुझ्या घरी सफरचंदं घेऊन आला. तू ती पिशवी पायानं खाटेखाली सरकवलीस. पाय तेव्हा चालत होते.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तुझे डोळे तेवढे राहिले. स्नेहलनं एका पुठ्ठ्यावर बाराखडीच्या ओळी लिहिल्या. ती एकेक ओळ वाचायची, "क-ची? च-ची? ट-ची?" हवी ती ओळ आली की तू डोळे वर करायचास. मग त्या ओळीतलं अक्षर. काना, मात्रा, वेलांटी यांना वेळ लागतो म्हणून तू ती सोडूनच दिलीस. नुसती व्यंजनं द्यायचास, बाकीचं आम्ही ओळखायचं. एकेका शब्दाला किती श्रम पडायचे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्या श्रमांतून तू मला पहिला शब्द कुठला दिलास? म. र. ख.

"मूर्ख," स्नेहल म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मी तुला सांगत होते की शोध नीट चालत नाही. लोक तुळिंज कसंही बोलतात, आपल्या कंट्रोल रूममधल्या मुली कसंही टाईप करतात. तुळींज, तुलिंज, तुळंज. यंत्राला प्रत्येक वेळी वेगळं गाव वाटतं. तू पुन्हा ओळी मागितल्यास. त. ळ. ज. मग डोळे माझ्यावर रोखून धरलेस. मला कळायला वेळ लागला. नावातले काने-मात्रे काढून टाकायचे, ल आणि ळ एकच धरायचे, न आणि ण एकच, आणि उरलेल्या सांगाड्यावर शोधायचं. तुझी आई 'पानी' म्हणते आणि मी 'पाणी', तरी विहीर एकच सापडली पाहिजे. मी ते घरी जाऊन प्रोग्रॅममध्ये लिहिलं आणि चाललं. पुन्हा येऊन तुला सांगितलं तर तू दोन अक्षरं दिलीस. ब. र.

'बरं' की 'बोअर', हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

अवी, त्या महिन्यांबद्दल मी तुझी ऋणी आहे. तुझ्या तोंडची धार गेल्यावर तू मवाळ होशील, आम्हाला क्षमा करून टाकशील, रडशील, असं सगळ्यांना वाटत होतं. तू तसलं काही केलं नाहीस. आम्हाला तुझी कीव करू दिली नाहीस. पण आता तुझ्या चुकीचं बोलते.

तुला नळी नको होती. श्वास थांबेल तेव्हा गळ्यात नळी घालून यंत्रावर ठेवायचं नाही, घरी, वाडीकडच्या खोलीत, जाऊ द्यायचं. हे तू स्नेहलला सांगितलंस, मला सांगितलंस. हेमंत खोलीत होता. तो खिडकीतून केळीकडे बघत राहिला. आईंना तू बाहेर पाठवलं होतंस. स्नेहल म्हणाली, वकिलाला बोलावू, साक्षीदार बोलावू, रीतसर करून ठेवू, तसं करता येतं आता. तू डोळे मिटून घेतलेस. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, न. त. र. नंतर.

नंतर! प्रत्येक विहिरीला आणि प्रत्येक पिंपळाला प्रमाण स्वरूप देणारा माणूस तू. माणूस सांगायला हजर नसतो तेव्हासाठी प्रमाण असतं, हे मला बजावणारा तू. आणि आपल्या मरणाची इच्छा ठेवलीस कुठं, तर तीन माणसांच्या आठवणीत. त्यातला एक खिडकीबाहेर बघत होता. कंपनीच्या माणसाला विचारलेला प्रश्न मी तुला विचारते. ही माहिती उद्या हवी असेल तर कुठल्या स्वरूपात मिळणार होती, अवी?

त्या सकाळी स्नेहल वसईला औषधं आणायला गेली होती. आई तुझ्याजवळ होत्या. तुझा श्वास अडकला, ओठ निळे पडले. आई ओरडल्या. हेमंत वाडीतून धावत आला आणि त्यानं फोन लावला. कुठला लावणार? आपलाच नंबर. फोन प्रणालीनं उचलला. पलीकडे नुसती आरडाओरड आणि त्यात तीन शब्द, "होळी, थोरली विहीर!" तिनं तेवढंच टाईप केलं. घाईत 'थोरली'तले काने-मात्रे राहिले तरी पहिलंच ठिकाण आलं ते बरोबर. तू स्वतः ठेवलेला बिंदू, तुझ्या वाडीच्या तोंडाशी असलेली विहीर. गाडी नेमकी वसईच्याच नाक्यावर उभी होती. कुठं वळायचं, कुठल्या बाजूची वाट गाडीला रुंद पुरते, सगळं पडद्यावर होतं, कारण ते तूच भरलं होतंस.

गाडी स्नेहलच्या आधी पोचली.

प्रणालीनं मला मोठ्या उत्साहानं फोन केला होता. "मॅडम, अवी सरांच्या घरी गाडी एका झटक्यात गेली. जीव वाचला!" त्या मुलीनं तिचं काम चोख केलं. तिला मी काय सांगणार होते? मी म्हटलं, "शाबास." रिक्षा करून हॉस्पिटलला पोचले तेव्हा तुझ्या गळ्यात नळी होती.

स्नेहल हॉस्पिटलच्या दारात हेमंतशी भांडत होती. मी तिला त्याआधी कधी 'अरे-तुरे' करताना ऐकलं नव्हतं.

"तू खोलीत होतास! तू ऐकलंस त्यानं काय सांगितलं!"

"आई समोर ओरडत होती, वहिनी. भाऊ निळा पडत होता. मी काय बघत बसू?"

"हो! तेच मागितलं होतं त्यानं. बघत बसा म्हणून."

"तुमच्याकडे लेखी आहे का काही?"

तो असं विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. त्यालाही बहुधा वाटलं नसावं. डॉक्टरांनी तेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. नळी घालायला एक घाबरलेला भाऊ पुरतो. काढायला समित्या लागतात, सह्या लागतात, आणि घरात एकमत लागतं. हेमंतनं सही केली नाही. मी त्याला वाईट म्हणणार नाही. तू म्हटलं असतंस.

तू तिथं कितीतरी आठवडे पडून राहिलास. पाठीला जखमा झाल्या. दर थोड्या वेळानं नळीतून कफ ओढायचे तेव्हा तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि नर्स म्हणायची, "ते रडत नाहीत, तसं होतंच." डोकं शाबूत होतं, अवी. डॉक्टरांचा शब्द खरा ठरला.

एका दुपारी स्नेहल तो पुठ्ठा आत घेऊन आली. आम्ही तिघं उभे होतो, ती, हेमंत आणि मी. तिनं सरळच विचारलं, "काय करू, तुम्हीच सांगा." आणि ओळी वाचायला लागली. तू पहिलं अक्षर दिलंस. स. मग बराच वेळ डोळे मिटून पडलास. पुन्हा ओळी. ट-ची. ट? ठ? ड? डोळे वर. ड. पुन्हा तिनं ओळी वाचल्या, एकदा, दोनदा. तुझे डोळे वर गेले नाहीत. तू दमला होतास, की तुझं झालं होतं, कोण जाणे.

"सोडा," स्नेहल म्हणाली. "सोडा म्हणताहेत. आता तरी सोडा."

"पुढं अक्षरं राहिलीत," हेमंत म्हणाला. "सोडू नका. तेच म्हणत होता तो. मला माहिताय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. तुझी अक्षरं मला सगळ्यांत चांगली लागायची, असं घरात ठरलेलंच होतं. मी म्हटलं, मला नाही समजलं. मला तिसरंच काहीतरी दिसलं होतं. तुझ्या पाठीखालून येणारा वास त्या खोलीत होता आणि तू आम्हाला आजवर कधी विनंती केली नव्हतीस. तू फक्त जे असेल ते तोंडावर सांगायचास. सडतोय. मला वाटलं, तू तेवढंच कळवत होतास. हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. सांगणारही नाही.

दुसऱ्या दिवशी तुला ताप चढला. त्यानंतर तू पुठ्ठ्याकडे बघितलं नाहीस. जंतुसंसर्गानं तुला नेलं. जे काम घरच्यांना जमलं नाही ते त्यानं केलं, आणि घाई केली नाही.

व्यवस्था चालू आहे, तुला ऐकायचं असेल तर. मी तिला एकटी बघत नाही. प्रणाली शिकली, आणखी दोघी शिकल्या. तुझी माहिती शेजारच्या एका सेवेनं मागितली. त्यांना ती जशीच्या तशी वाचता आली, एक प्रश्नही न विचारता. तू मेल्यावर हे कोण बघणार, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तू बरोबर दिलं होतंस. हे भांडण तू जिंकलास. कोणीतरी अनोळखी माणूस परवा तुझ्या नावांतल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून गेला. तू असतास तर त्याला शिव्या घातल्या असत्यास आणि दुरुस्त्या ठेवून घेतल्या असत्यास.

काल मी होळीला गेले. स्नेहल माहेरी गेलीय. परत येईल की नाही, माहीत नाही. हेमंत वाडीत पाणी लावत होता, त्यानं नुसती मान हलवली. आई ओट्यावर बसल्या होत्या. मला हात धरून शेजारी बसवलं.

"बाय, एक विचारायचा होता," त्या म्हणाल्या. "ती गाडी इतक्या पटकन कशी आली गो? हेमंतच्या तोंडातून धड शब्द फुटत नव्हता. कोनी दाखवलं घर?"

मी म्हटलं, "अवीनंच दाखवलं, आई. त्यानंच करून ठेवलं होतं ते सगळं."

आईंचा चेहरा असा उजळला की मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकले नाही.

"बघ," त्या म्हणाल्या. "सगळे म्हनतात माझा पोर कडू होता. पन त्याला ठाव होता, आईला एकदम सोसायचा नाय. म्हनून त्यानं ती गाडी बोलवली. रोज जात होते मी हॉस्पिटलात. रोज त्याचा गाल पुसत होते. लहान असताना पुसू द्यायचा, मग कधी दिला नाय त्यानं. तेवढे दिवस मला त्यानं दिले गो. तू त्याची मैत्रीन, तुला तर सांगितलाच असेल त्यानं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो आई," मी म्हटलं. "सांगितलं होतं."